बोटीच्या पोटातलं काम

ज्यांच्या चुलीवर कालवण आहे त्यांनी जाळ जरा मागे ओढा आणि रेडिओजवळ बसा. आज समुद्राचं बोलायचंय. टँकरमागे हंडे घेऊन पळत आपण लहानाच्या मोठ्या झालो, आणि विषय समुद्रातल्या लढाऊ जहाजांचा. तुम्हाला हसू येईल. आम्हालाही आलं होतं. पण हा विषय आमच्याकडे समुद्रावरून आलाच नाही. तो आला मिरची कांडपावरून.

मार्च महिना होता. कांडपाचा ऐन हंगाम. आमच्या गटाच्या कांडप यंत्राची मोटर बंद पडली. बटण दाबलं की नुसती गुणगुणायची, फिरायची नाही. अंगणात मिरचीच्या अकरा पिशव्या, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी बांधलेली, आणि तालुक्याचा मिस्त्री फोनवर म्हणतो, "परवा येतो." त्याचा परवा कधी उजाडतो ते आम्हाला ठाऊक आहे. गटातल्या एका ताईंची लेक बारावी सायन्सची परीक्षा देऊन घरीच होती. तिच्या वडिलांचं मोटर वायंडिंगचं छोटं दुकान आहे. ती आली, मेन स्विच बंद केला, झाकण उघडलं, जरा वास घेतला आणि म्हणाली, "कपॅसिटर गेलाय." पावणेतीनशे रुपयांचा नवा कपॅसिटर एसटीच्या ड्रायव्हरकडून मागवला. संध्याकाळी अकरा पिशव्या कांडून झाल्या. हात ग्रीसने काळे झालेले, त्याच हाताने तिने चहाचा कप धरला. पोरीचं नाव सांगत नाही. निकाल लागल्यावर सांगा, असं तिनेच बजावलंय. कुठला निकाल, ते पुढे येईल.

एप्रिलच्या मासिक बैठकीत त्या ताईंनी कर्ज मागितलं. चाळीस हजार. कशासाठी विचारलं तर म्हणाल्या, "पोरीला नेव्हीत लावायचंय. बोटीच्या इंजिनात. माणूस भेटलाय."

माणूस भेटलाय, हे दोन शब्द ऐकले की आमच्या पोटात गोळा येतो. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावातल्या एका घराने असाच भेटलेल्या माणसाला पैसे दिले. पोराच्या हातात कुठल्याशा खाजगी कोर्सची पावती आली, मग तारीख पुढे गेली, मग फोन बंद. त्या घराचं कर्ज अजून फिटलेलं नाही. गंमत म्हणजे तो कोर्स नौदलाचा नव्हताच. मालवाहू जहाजांच्या नोकरीला मर्चंट नेव्ही म्हणतात. त्या खाजगी कंपन्यांच्या बोटी. भारतीय नौदल म्हणजे सरकारचं सैन्य. दोन्हींत 'नेव्ही' हा शब्द आहे, आणि त्याच एका शब्दावर गावोगावचे एजंट जगतात. सरकारी भरतीत एजंट नसतो. फॉर्म नौदलाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर भरायचा असतो आणि परीक्षेची फी हजार रुपयांच्या आत असते. त्यापलीकडे कोणी मागितले तर तो माणूस आपल्याला नौदलात नव्हे, खड्ड्यात लावतोय.

त्या दिवशी आम्ही ठराव लिहिला: चाळीस हजार द्यायचे नाहीत. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची अडचण वेगळीच होती. चुलत दिराने पुण्याचं स्थळ आणलं होतं, मुलाचा स्वतःचा टेम्पो, आणि दिवाळीनंतर बार उडवून द्यायचा असं घरात चाललं होतं. पोरीचं म्हणणं, मला मशीनवर काम करायचंय. ताईंना वाटलं, एजंटला पैसे दिले की नोकरी लगेच हातात येईल आणि स्थळाला नाही म्हणता येईल. घाई होती ती त्याची. म्हणून ठरावाखालीच आम्ही दुसरी ओळ लिहिली: गटातल्या तिघींनी महिनाभरात खरी माहिती काढून आणायची.

आपल्या सातारा जिल्ह्यात लष्कर नवीन नाही. अपशिंग्याला तर मिलिटरी अपशिंगे म्हणूनच ओळखतात. पण घराघरातून माणूस गेला तो पायदळात. नौदलात गेलेला शोधावा लागतो. आम्हाला सापडले ते तीन गावं ओलांडून. पंधरा वर्षं जहाजाच्या इंजिन विभागात काढून पेन्शनवर आलेले एक भाऊ, आता साखर कारखान्यात टर्बाइनवर आहेत. मे महिन्याच्या बैठकीला ते आले. पोरीला समोर बसवलं होतं. चहा होईपर्यंत ते काही बोलेनात, बायकांच्या बैठकीत बुजले होते. मग एका आक्कांनी विचारलं, "बोटीत नक्की करायचं काय असतं? पोहायचं का?" तिथून जे सुरू झाले ते अंधार पडेपर्यंत.

ते म्हणाले, बोट म्हणजे समुद्रावरचं एक गाव समजा. गावाला लाइट लागते, पाणी लागतं, थंड खोल्या लागतात, मोऱ्या तुंबून चालत नाहीत, आणि हे गाव चालतंही ठेवायचं असतं. वर गणवेशात उभे राहिलेले दिसतात ते एक. हे सगळं चालू ठेवणारे बोटीच्या पोटात असतात, ते दिसत नाहीत. मोठं इंजिन, लाइटचे जनरेटर, आग विझवायचे पंप, एसी, फ्रिज, सगळं त्यांच्याकडे. खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणारं आरओ यंत्रसुद्धा. म्हणजे समुद्रावर टँकर लागत नाही, तिथे ही माणसंच टँकर. यावर आमच्या बायका खूप हसल्या, पण एकीने हळूच विचारलं, "मग आपल्याकडं का नाही बसवत?" त्याला उत्तर नव्हतं.

आकडा सांगायचा तर भारतात बांधलेली विमानवाहू नौका विक्रांत घ्या. २ सप्टेंबर २०२२ला कोचीत ती नौदलात दाखल झाली. तिला चार गॅस टर्बाइन आहेत, विमानाच्या इंजिनाच्या जातीची. चौघांची मिळून ताकद ८८ मेगावॉट. पोरीने तिथल्या तिथे मोबाइलवर हिशेब केला: आपल्या विहिरीवरच्या पाच एचपीच्या तेवीस हजारांहून जास्त मोटरी एकदम चालवल्यासारखं. आणि हे सगळं परक्याचंच तंत्र राहील असंही नाही. ज्या किर्लोस्करच्या इंजिनाची फटफट ऐकत आपली आधीची पिढी पाणी धरायला जायची, त्याच किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनीशी संरक्षण मंत्रालयाने एप्रिल २०२५मध्ये करार केला आहे, जहाजासाठी ६ मेगावॉटचं डिझेल इंजिन भारतातच तयार करण्याचा.

पण बटणं दाबून काम होतं का? हा प्रश्न आमचा. भाऊ म्हणाले, आता पडद्यावर आकडे दिसतात, तरी तासातासाला माणूस हातात बॅटरी घेऊन फिरतोच. तेलाचं प्रेशर बघायचं, तापमान बघायचं, वहीत लिहायचं. पाइपावर हात ठेवायचा. बेअरिंगचा आवाज ऐकायचा. तळाशी तेलकट पाणी किती साचलंय ते वाकून बघायचं, त्याला बिल्ज म्हणतात. गळती पडद्याला कळायच्या आधी नाकाला कळते, असं ते म्हणाले, तेव्हा आम्ही सगळ्यांनी पोरीकडे पाहिलं. कपॅसिटर जळालेला तिला वासावरूनच कळला होता.

फिल्टर धुणं, पंप खोलून गॅस्केट बदलणं, नटबोल्ट आवळणं, वेल्डिंग, हे सगळं हातानं. आम्हाला सगळ्यांत पटलं ते तेल शुद्ध करायचं यंत्र. डिझेलमध्ये आणि इंजिनच्या तेलात पाणी नि कचरा मिसळतो. तो काढायला भांडं गरागरा फिरवतात. जड पाणी आणि गाळ कडेला जातो, तेल आतल्या बाजूने वेगळं निघतं. भाऊ समजावत होते तेवढ्यात आमच्या डेअरीवाल्या काकी म्हणाल्या, "हे तर आमचं सायीचं मशीन!" अगदी बरोबर. दुधातून साय काढणारा सेपरेटर आणि हा, दोन्ही एकाच विद्येचे. स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हाल या इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात दुधाचा सेपरेटर काढला. त्यांच्यापासून सुरू झालेली अल्फा लाव्हाल ही कंपनी आज जहाजांसाठीही ही यंत्रं बनवते, पुण्यातही तिचा कारखाना आहे. काकी गेली नऊ वर्षं जे भांडं रोज खोलून धुतात, तसंच काम तिथे ओव्हरऑल घालून करतात. फरक एवढाच, की काकींची जमीन हलत नाही.

हलण्याचंही त्यांनी लपवलं नाही. पहिल्यांदा समुद्र लागला तेव्हा तीन दिवस पोटात काही ठरलं नाही, आणि तरी ड्युटी सुटली नाही. शेजारी बादली ठेवून रीडिंग लिहिली. इंजिनच्या खोलीत उकाडा चाळीस अंशांच्या पुढे, आवाज एवढा की कानाला झाकणं लावून खुणांनी बोलायचं. ड्युटीला वॉच म्हणतात, चार चार तासांची. मध्यरात्री बारा ते पहाटे चार हा सगळ्यांत वाईट. रोज त्याच माणसाच्या वाट्याला तो येऊ नये म्हणून संध्याकाळच्या चार ते आठचे दोन दोन तासांचे तुकडे करतात. त्यामुळे दिवसाला सहाऐवजी सात वॉच होतात आणि चक्र पुढे सरकत राहतं. हे ऐकून आम्हाला वाटलं, आपल्या शेतीच्या लाइटचं वेळापत्रक करणाऱ्याला ही विद्या कोणीतरी शिकवायला हवी. रात्रीची लाइट आठवडाभर एकाच वाडीच्या बोडक्यावर.

मग बायकांनी बायकांचे प्रश्न विचारले. बाथरूमचं काय? महिन्याच्या दिवसांचं काय? शंभर पुरुषांत एकटी झोपणार कुठं? भाऊंनी हात वर केले. त्यांच्या वेळी जहाजावर पोरी नव्हत्याच. हे मात्र आम्ही शोधलं होतं. नौदलात १९९२पासून बायका अधिकारी म्हणून जाऊ लागल्या, पण नौसैनिक म्हणून, म्हणजे हातानं काम करणाऱ्या खालच्या फळीत, मुलींना दार उघडलं ते २०२२च्या अग्निवीर भरतीत. पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण ओडिशातल्या चिल्काला झालं आणि २८ मार्च २०२३ला त्यांचं दीक्षान्त संचलन झालं. त्यात सुमारे पावणेतीनशे मुली होत्या. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेलं आयएनएस इम्फाळ हे जहाज डिसेंबर २०२३मध्ये नौदलात आलं, ते महिला अधिकारी आणि महिला नौसैनिकांच्या राहण्याची सोय धरूनच. सगळ्या जुन्या जहाजांवर असं असेल असं नाही. तेवढ्यात पोरगी म्हणाली, "आणि रानात खुरपायला जातो तिथं कुठं असते बाथरूम?" तिच्या आईने तिला गप्प केलं, पण प्रश्न तिथेच राहिला.

आता कामाचं. ज्यांच्या घरी दहावीतली लेक आहे त्यांनी हे नीट ऐका, जमल्यास लिहून घ्या. यांत्रिकी कामाकडे जाणारी भरती आहे तिला एसएसआर म्हणतात. त्यासाठी बारावीला गणित आणि फिजिक्स दोन्ही हवेत, आणि पन्नास टक्के गुण. किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल यांसारख्या शाखेचा तीन वर्षांचा डिप्लोमा. आपल्याकडे काय होतं? पोरगी अकरावीला गेली की मास्तरही सांगतात आणि आपणही, गणित झेपायचं नाही, बायॉलॉजी घे आणि गणित सोड. आमच्याच गटातल्या दुसऱ्या एका ताईंची थोरली अशीच गणित सोडून बसली. हुशार पोर, पळण्यात तालुक्याला पहिली. ती आमच्या मे महिन्याच्या बैठकीत मागे उभी राहून सगळं ऐकत होती. गणिताची अट वाचून दाखवल्यावर उठून गेली. तिला आम्ही काय सांगणार होतो? तो निर्णय सोळाव्या वर्षी झाला होता आणि त्यात आमच्यातल्या दोघीतिघींचा सल्ला होता.

दुसरी भरती आहे एमआर नावाची, दहावी पाससाठी. बरेच पालक सोपी म्हणून तो फॉर्म भरून टाकतात. त्यात स्वयंपाकी, जेवण वाढणारे, स्वच्छता करणारे असे ट्रेड असतात. कामाला कमी लेखत नाही, दीडशे माणसांचं जेवण हलत्या बोटीत करणं हे खाऊ नाही. पण जिला पाना हातात घ्यायचाय तिने कुठल्या फॉर्मवर सही करतोय ते बघावं. आमच्या आक्का म्हणाल्या ते खरं, "चपात्याच लाटायच्या तर घरचं पोळपाट काय वाईट?"

आणखी तीन बारीक गोष्टी. वय साडेसतरा ते एकवीस, पण जाहिरातीत जन्मतारखा दिलेल्या असतात, त्याच धरायच्या. दुसरं, जत्रेत पोरी हातावर, मानेवर टॅटू काढतात. कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या मागे चालतो, इतरत्र कायमचं गोंदण असेल तर अडचण येते. आणि तिसरं, परीक्षा कॉम्प्युटरवर असते, प्रश्न हिंदी आणि इंग्रजीत. मराठी माध्यमातल्या पोरीला फिजिक्स येत असतं, पण 'घर्षण' हिंदीत आणि इंग्रजीत काय म्हणतात यावर ती अडते. सराव त्याचा करायचा. धावणं १.६ किलोमीटर, मुलींना आठ मिनिटांत. अटी दर भरतीत थोड्या बदलू शकतात, म्हणून शेवटी जाहिरात हीच खरी.

एक गोष्ट भाऊंनी पोरीला स्पष्ट सांगितली आणि ती कुठला एजंट सांगणार नाही. भरती झाल्यावर इंजिनचंच काम मिळेल असं नाही. चिल्काचे साधारण चार महिने झाले की ट्रेड ठरतो. गुण, आपली पसंती आणि नौदलाची गरज, तिन्ही बघून. इंजिन विभाग मिळाला तर प्रशिक्षण आपल्या लोणावळ्याला. तिथल्या संस्थेचं नाव आयएनएस शिवाजी. नाव जहाजासारखं, पण आहे डोंगरात, जमिनीवर. नौदल किनाऱ्यावरच्या संस्थांनाही जहाजासारखंच नाव देतं. ती १९४५ साली, इंग्रज असतानाच सुरू झाली, आणि तेव्हाही नाव शिवाजीच होतं. बोटीला भोक पडलं तर आत घुसणारं पाणी लाकडी खुंट्या आणि पाचरी ठोकून कसं थांबवायचं, तेलाची आग कशी विझवायची, हेही तिथे शिकवतात. वायरिंग, मोटरी, जनरेटर अशा विजेच्या कामाचं शिक्षण गुजरातेत जामनगरला, आयएनएस वलसुरात. आमच्या पोरीचा हात वायंडिंगवर बसलेला, तिला तेच हवंय. पण मिळेल ते घ्यायची तयारी नसेल तर जाऊ नको, असं भाऊ म्हणाले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "रडार दिलं तरी मशीनच ना?" आम्हाला वाटतं ते उत्तर पुरेसं नव्हतं, पण अठराव्या वर्षी एवढंच सुचणार.

आता पैसे, आणि ते झाल्यावर चार वर्षांचं दुखणं. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातला तीस टक्के भाग निधीत कापला जातो, म्हणून हातात सुरुवातीला २१ हजार आणि शेवटी २८ हजार. चार वर्षांत तिचे कापलेले सुमारे ५ लाख २ हजार, सरकार तेवढेच घालतं, म्हणजे १० लाख ४ हजार आणि वर व्याज. आपल्या गटासारखीच सक्तीची बचत, फक्त दुसऱ्या बाजूने तेवढीच भर घालणारा कोणी आहे. ४८ लाखांचा विमा असतो, त्याचा हप्ता आपल्याला पडत नाही. वर्षाला तीस दिवस रजा.

चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के लोकांना पुढे ठेवतात, त्यांना आणखी किमान पंधरा वर्षं. बाकीच्यांनी निधी घेऊन घरी यायचं. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. बैठकीत यावर भांडण झालं म्हटलं तरी चालेल. आक्का म्हणाल्या, चारातली तीन माघारी येणार, मग कशाला धाडायची? दुसरी म्हणाली, माझा पोरगा चाकणला कंपनीत तीन वर्षं कंत्राटी होता, त्याला माघारी पाठवताना दहा लाख सोडा, डबाही परत दिला नाही. दोघींचंही खरं. आमचं स्वतःचं मत विचाराल तर ही चार वर्षांची अट आम्हाला रुचत नाही. पंधरा वर्षं काम करून पेन्शन घेतलेला माणूस समोर बसलेला असताना तर मुळीच नाही. माजी अग्निवीरांसाठी केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि संरक्षण खात्याच्या नागरी नोकऱ्यांत दहा टक्के जागा राखून ठेवल्याचं सरकारने २०२२मध्ये जाहीर केलं होतं, व्यापारी जहाजांवर जायच्या वाटाही जाहीर झाल्यात. पण पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीस पूर्ण होतात. कागदावरचं हातात किती येतं ते तेव्हापासून दिसायला लागेल.

म्हणून आम्ही भाऊंना उलटा प्रश्न केला. समजा ठेवलं नाही, तर पोरगी काय घेऊन येईल? ते म्हणाले, कारखान्याने मला घेतलं ते पेन्शन बघून घेतलं नाही. टर्बाइन, पंप, बॉयलरचं पाणी, हे चालवलेला हात होता म्हणून घेतलं. चार वर्षांत पंधरा वर्षांचा हात तयार होत नाही, पण सुरुवात होते. ज्या दिवशी जे मशीन खोललं त्याची नोंद स्वतःच्या वहीत ठेव, कोर्सचा प्रत्येक कागद जपून ठेव, एवढंच त्यांनी पोरीला पुन्हापुन्हा सांगितलं.

जिला समुद्रावर जायचं नाही पण काम हेच हवंय, तिलाही वाट आहे. आयटीआयला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक करायचं आणि मुंबईला नौदलाच्या गोदीत किंवा माझगाव डॉकमध्ये शिकाऊ उमेदवारीच्या जाहिराती बघायच्या. जहाज बांधणं, दुरुस्त करणं हे जमिनीवरच चालतं. शिकताना विद्यावेतन मिळतं. आमच्या पोरीने तोही विचार ठेवलाय, निकाल आला नाही तर आयटीआयचा फॉर्म तयार आहे.

राहिलं लग्नाचं. अग्निवीर होताना मुलगी अविवाहित हवी आणि चार वर्षं लग्न करता येत नाही. आम्हाला वाटलं, ही अट वाचली की ताई मागे फिरणार. त्यांनी तो कागद दोनदा वाचला, घडी घालून कमरेला खोवला आणि घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, चुलत दिरांपुढे त्यांनी तो कागद ठेवला आणि म्हणाल्या, "माझं काही नाही भावजी, सरकारचाच नियम आहे." स्थळवाले थांबायला तयार नव्हते. ते गेले. आमच्यातल्या काहींना वाईट वाटलं, मुलगा खरंच बरा होता. ताईंनाही वाटलं असेल. बोलल्या नाहीत.

जूनच्या बैठकीत दुसरा ठराव झाला. सात हजार रुपये अंतर्गत कर्ज, महिना एक टक्का. बूट, परीक्षेची फी, पुस्तकं आणि तालुक्याच्या कॉम्प्युटर सेंटरला जायचं एसटीचं भाडं. वडिलांची संमती होतीच, पण त्यांची एक अट होती, दुकानातलं वायंडिंगचं काम सुटायचं नाही. ती दुपारी तारा गुंडाळते आणि तोंडाने हिंदी शब्द घोकते. डेअरीवाल्या काकी गिऱ्हाइकांसमोर तिची परीक्षा घेतात.

परीक्षा झालीय, निकाल यायचाय. तो आला तर पुढे धावणं आणि मेडिकल. म्हणून पहाटे साडेपाचला शाळेच्या मैदानावर आम्ही आळीपाळीने जातो, मोबाइलवर वेळ लावून. दोरीने मोजून दोनशे मीटरची फेरी आखलीय, तिच्या आठ मारायच्या. जी थोरली गणित सोडून बसली होती, ती आता तिच्या पुढे पळते, वेग धरून द्यायला. सुरुवातीला नऊ मिनिटं पन्नास सेकंद लागायचे. काल आठ मिनिटं अकरा.

येत्या शनिवारी दुपारी दोनला गटाच्या कार्यालयात आम्ही अकरावीच्या विषयांबद्दल बसणार आहोत. दहावीतल्या मुलींनी आईला घेऊन यावं, गणिताचे मास्तरही येतायत. कांडप चालू असेल, मिरचीचा ठसका लागतो, पदर किंवा रुमाल आणा.